न वाकणारा सूर

टोळीत तिला आत्या म्हणायचा खरा हक्क एकट्या मुकादमाचा होता. तो तिच्या भावाचा मुलगा. पण एकाच्या तोंडी नाव बसलं की बाकीच्यांच्याही बसतं. घणवाला तर तिच्याहून चार वर्षांनी मोठा, तरी तोही आत्याच म्हणायचा.

"मी काय रे तुझ्या बापाची बहीण?" तिने एकदा विचारलं होतं.

"माझ्या बापाला बहीण नव्हती," तो म्हणाला. "त्याची हौस मी फेडतोय."

टोळीचं काम डोंगरातल्या रस्त्याचे लोखंडी कठडे दुरुस्त करण्याचं. धुक्याचे दोन महिने हा त्यांचा हंगाम. धुक्यात गाडी चुकते, कठड्याला धडकते, पत्रा फाटतो, खांब मुळासकट उपटले जातात आणि भगदाड पडतं. दुसरी गाडी त्यातून खाली जाण्याआधी ते बुजवायचं असतं. धुकं विरायची वाट बघून चालत नाही. म्हणजे काल जिथे गाडी चुकली तिथेच, त्याच धुक्यात, सहा माणसांनी रस्त्याकडे पाठ करून उभं राहायचं. कठड्यापलीकडे दोन पावलं जमीन. मग दरी.

त्या सहा पाठींची राखण आत्या करायची, आणि ती कानांनी करायची.

सुरुवातीला ती टोळीचा स्वयंपाक करायला आली होती. तेव्हा राखणीला एक झेंडेवाला असे. धुक्यात झेंडा म्हणजे आंधळ्यापुढे नाच. एका सकाळी ती रस्त्याच्या कडेला भांडी घासत होती. हात थांबवून ती म्हणाली, "ही गाडी अंगावर येतेय." आणि बादली तिथेच टाकून बाजूला झाली. तिचं बघून बाकीचेही झाले. ट्रक आला तो भांडी, चूल आणि झेंडेवाल्याची खुर्ची घेऊन गेला. खुर्चीत कोणी नव्हतं हे नशीब.

"तुला कसं कळलं?" सगळ्यांनी विचारलं.

तिला सांगताच येईना. डोळ्यांना दिसतं ते कसं दिसतं, हे कोण सांगू शकतं? मग हळूहळू तिने शब्द शोधले. येणाऱ्या गाडीचा सूर चढा असतो. जाणारीचा उतरलेला. गाडी तीच, इंजिन तेच, फक्त येण्याजाण्याचा फरक. हे कुणाच्याही कानाला कळतं. पण गाडी बाजूने जाणार असेल तर तिचा सूर पोचण्याआधीच खाली वाकायला लागतो. पलीकडच्या कडेने जाणारीचा लवकर वाकतो. आपल्या कडेने जाणारीचा उशिरा. आणि जिचा सूर वाकतच नाही, चढाच्या चढा राहतो, ती आपल्याकडेच येत असते.

तेव्हापासून झेंडा गेला आणि आत्याच्या गळ्यात शिट्टी आली. अठरा वर्षं ती टोळीपासून दहा पावलांवर, डोंगराच्या कडेला, गटाराशेजारी उभी राहिली. प्रत्येक गाडीला ती एकच शब्द बोलायची. "वाकली." म्हणजे मान वर न करता काम चालू ठेवा. शब्द न येता शिट्टी आली तर सगळे कठड्यावरून पलीकडे उड्या टाकायचे आणि खांब धरून त्या दोन पावलांत उभे राहायचे. ती "या" म्हणाली की परत.

अठरा वर्षांत चार शिट्ट्या. चारही वेळा गाडी आली होती.

आणखी एक नियम तिने स्वतः घातला होता. वेल्डर नवा असताना त्याने एकदा स्वतःच्या कानावर भरवसा ठेवला आणि शिट्टी नसताना उडी टाकली. गाडी पलीकडून निघून गेली. हा मात्र दरीच्या तोंडाशी झुडपात लटकला. गळ्याजवळचं हाड मोडलं. तो बरा होऊन आल्यावर आत्याने सगळ्यांना समोर बसवलं.

"ऐकायचं मी. तुम्ही काम करायचं. सहा जण ऐकायला लागले तर सहा मतं होतील, आणि रस्ता मतं मोजत नाही."

"म्हणजे आम्ही बहिरे?" घणवाल्याने विचारलं.

"लग्न झालेल्याला ते जड जाऊ नये," ती म्हणाली.

ते खरोखरच शिकले. आवाज कानावर पडायचा, पण आत शिरायचा नाही. तिचा शब्द आला की हात चालत राहायचे.

अठराव्या हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात एका सकाळी तिला समोरून एक बारीक सूर आला. शीळ घातल्यासारखा. चढा. ती थांबली. सूर वाकायची वाट पाहिली. तो वाकेना. तिने शिट्टी मारली.

सहा जण कठड्यापलीकडे गेले. धुक्यात फक्त त्यांचे हात दिसत होते, खांब धरलेले. तिने तीसपर्यंत मोजलं. मग आणखी तीस. सूर तसाच होता. जवळ येत नव्हता, लांब जात नव्हता, वाकत नव्हता.

"आत्या," पलीकडून घणवाल्याचा आवाज आला, "ही गाडी चालत येतेय का?"

तिसऱ्यांदा तीस मोजून तिने "या" म्हटलं. ते आले. कोणी काही विचारलं नाही. न विचारण्याचाच तिला त्रास झाला.

संध्याकाळी ती ट्रकमधून घरी गेली. सूर बरोबर आला.

मुकादमाचं घर तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या. आतल्या खोलीत आत्याचा पलंग. मुकादमाची बायको इस्त्री करत होती. आत्याने फ्रिज बंद केला. नळ घट्ट केला. विजेच्या मीटरला कान लावला. मग इस्त्रीची पिन काढली.

"आत्याबाई, काय शोधताय?"

"कुठूनतरी गाडी येतेय."

"तिसऱ्या मजल्यावर?"

"तेच बघतेय."

सुनेने हसून पिन परत लावली. आत्याही हसली. मग ती पलंगावर बसली आणि बराच वेळ तिचे पाय जमिनीवर टेकलेले राहिले, उडी मारायच्या आधी असतात तसे. तिसऱ्या मजल्यावर गाडी येत नाही हे तिला समजत होतं. पायांना समजत नव्हतं.

सुटीच्या दिवशी तिने भाच्याला म्हटलं, "मला जरा फिरवून आण." ट्रकमध्ये पुढे बसली. काच खाली केली. रस्त्यात लाकडाची वखार होती, करवत चालू होती. ट्रक जवळ जाताना करवतीचा सूर चढा, ओलांडून गेल्यावर उतरलेला. हे तिला ठाऊक होतं. आवाज उभा असो आणि आपण चालत असू, तरी सूर वाकतो. कोण हलतंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. कोणीतरी हललं की झालं.

तिचा सूर मात्र तसाच राहिला. भाच्याने वेग वाढवला तरी तेवढाच. ट्रक थांबवला तरी तेवढाच. तिने त्याला उलट फिरायला लावलं, आलेल्या रस्त्याने परत. तेवढाच.

म्हणजे ती जिथे जाईल तिथे तो समोरच होता. आणि तिच्याकडेच येत होता.

"झालं फिरून?" भाच्याने विचारलं.

"झालं."

डॉक्टरीणबाईकडे ती एकटी गेली. एका बंद खोलीत कानाला डबे लावून बसवलं. आवाज आला की बोट वर करायचं. ती बोट वर करत राहिली. मध्येच बाई थांबल्या.

"आता काय ऐकू येतंय?"

"आता माझा तो नेहमीचाच."

"मी आवाज सोडला होता. जोरात."

आत्याने कानावरचे डबे काढले.

"घण, ड्रिल, असल्या आवाजात बरीच वर्षं काढलीत का?" बाईंनी विचारलं. "तेवढ्या एका पट्टीपुरता कान मेलाय. वरचं येतं, खालचं येतं. मधला एक धागा तुटलाय. तिथे बाहेरून काही येत नाही, म्हणून डोकं त्या रिकाम्या जागी स्वतःच शीळ घालतं. बाहेर काही नाहीये, आजी. घाबरू नका. रोजच्या जगण्यात काही अडत नाही. काम काय करता तुम्ही?"

"स्वयंपाक," आत्या म्हणाली.

बाहेर आल्यावर तिला स्वतःचंच नवल वाटलं. ती आजवर खोटं बोलली नव्हती असं नाही. पण इतक्या चटकन कधी नाही. हंगाम नुकताच लागला होता. वळणावळणाला भगदाडं होती. तिच्या जागी उभं राहील असा कान टोळीत नव्हता, तो तिनेच होऊ दिला नव्हता. आणि कान गेला तर ती कोण? भाच्याच्या आतल्या खोलीतली एक म्हातारी. एका धाग्याचं काय, तिने मनाशी म्हटलं. एका धाग्यातून किती गाड्या जाणार?

एक जात होती.

त्या वर्षी डोंगरावरच्या दूध केंद्रात नवा टँकर आला होता. बॅटरीवर चालणारा. त्याला इंजिनाचा आवाजच नव्हता, नुसती एक बारीक शीळ. टायर ओल्या रस्त्यावर वाजायचे, पण तो आवाज गटारातल्या खळखळाटात बुडायचा, आणि ऐकू येईपर्यंत उशीर झालेला असायचा. टँकरचा वेग बांधून दिलेला होता. रोज सकाळी सात वाजून गेल्यावर तो भरून खाली जायचा, त्याच वेगात. म्हणजे त्याच सुरात.

पहिल्यांदा तिला कळलंच नाही. ती उभी होती, कानात तिची शीळ होती. अचानक डाव्या हाताला, हवेतून फुटल्यासारखा, एक उतरलेला सूर निघाला आणि खाली जात विरला. न आलेली गाडी निघून गेली.

मुकादम पाना हातात घेऊन आला. "आत्या, टँकर गेला. तू बोलली नाहीस."

"पलीकडून गेला ना?"

"पलीकडूनच. पण तू प्रत्येकाला बोलतेस."

"बोलले. तुमच्या जनरेटरपुढे माझं कोण ऐकतंय?"

तो हसून परत गेला. तिने हात शालीत घेतले.

दोन दिवसांनी एक स्वच्छ सकाळ मिळाली. धुकं दरीत खाली बसलं होतं, वर ऊन होतं. वळणावर टँकर दिसला. चांदीसारखा चकचकीत. तो येत होता आणि त्याला आवाज नव्हता. काचेपलीकडून यावा तसा तो वाढत गेला. ड्रायव्हरने हात हलवला. तिच्यासमोरून गेला, आणि जाताक्षणी त्याच्यातून शीळ सांडली, खालच्या सुरात, दूर जाणारी.

तेव्हा तिला सगळं उमगलं. येतानाचा त्याचा चढा सूर नेमका तिच्या मेलेल्या धाग्यावर पडत होता. तिथे आधीच तिची शीळ बसलेली. त्या शिळेच्या आत लपून टँकर येत होता. ओलांडला की सूर उतरायचा, धागा सुटायचा, आणि मग तो तिला ऐकू यायचा. येताना नाही. फक्त जाताना.

बाहेर काही नाहीये, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या.

त्या दिवशी सांगायला हवं होतं. तिने सांगितलं नाही. तिने उपाय काढला. सात वाजले की ती म्हणायची, "चला, चहा." सगळे ट्रकजवळ जमायचे. टँकर जायचा. मग ती म्हणायची, "चला, कामाला."

"आत्याला हल्ली चहा फार लागतो," घणवाला म्हणाला.

"वयाने लागतो."

"मला तर वयाने काहीच लागत नाही. बायको म्हणते, तुला फक्त लाज लागायची राहिली."

तीन दिवस असे निभावले. चौथ्या दिवशी धुकं इतकं दाट होतं की चहाच्या कपातून निघालेली वाफ वेगळी दिसत नव्हती. सात वाजून गेले. साडेसात झाले. टँकर आला नाही. कप रिकामे होऊन थंड झाले. मोठं भगदाड होतं, एक खांब आणि एक लांब पत्रा, एवढंच बाकी होतं.

"आत्या, उठायचं ना?" मुकादम म्हणाला.

"थांब जरा."

"कशाला?"

तिने तोंड उघडलं. तेवढ्यात खालून एक साधी गाडी आली. तिचा सूर लांबूनच वाकला. "वाकली," आत्या म्हणाली. गाडी पलीकडून गेली. सहा जणांनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत शंका नव्हती. घरच्या भिंतीकडे बघतात तसं ते तिच्याकडे बघत होते. ती ढासळेल असं कोणाच्या मनातही येत नाही.

आज टँकर येणारच नसेल, तिने मनाशी म्हटलं.

"उठा," ती म्हणाली.

जनरेटर बंद होता. भोकं पाडून झाली होती, बोल्ट हाताने आवळायचे होते. चौघांनी पत्रा उचलून धरला. त्याचं एक टोक रस्त्यात दोन हात आलं होतं. मुकादम गुडघ्यांवर बसून पाना फिरवत होता. आत्या तिच्या जागी उभी होती. गटार वाजत होतं. तिची शीळ वाजत होती. ती धुक्याकडे बघत होती, डोळे ताणून, अठरा वर्षांत प्रथमच.

धुकं एका जागी जास्त पांढरं झालं. एवढंच. मग तिच्या गालावर वारा आला. पत्र्याचं टोक घंटेसारखं वाजलं आणि पत्रा चौघांच्या हातांतून निसटून गिरकी घेत भगदाडातून बाहेर गेला. आणि त्यानंतर तिला टँकर ऐकू आला. स्वच्छ. उतरता. दूर जाणारा.

"वाकली," ती म्हणाली.

शब्द सवयीने निघाला होता. तो तिने स्वतः ऐकला. खाली दरीत पत्रा दगडांवर आपटत बराच वेळ जात राहिला.

कोणाला लागलं नव्हतं. मुकादमाच्या पाठीवरचं जाकीट खांद्यापासून कमरेपर्यंत सरळ फाटलं होतं, कात्रीने कापल्यासारखं. आतला शर्ट शाबूत होता. तो उठला नाही. घणवाला रस्त्यावर बसला आणि आपल्या हातांकडे बघू लागला.

मग मुकादम तसाच गुडघ्यांवरून म्हणाला, "आत्या, मला ऐकू आली होती."

"काय?"

"शीळ. वळणापलीकडून."

"मलाही," घणवाला म्हणाला. "वाकत नव्हती. मला वाटलं, आत्या बोलत नाही म्हणजे आपल्याला काय कळतंय."

वेल्डर सगळ्यात शेवटी बोलला. "मी मान वर केली होती. तुमच्याकडे बघितलं. तुम्ही शांत उभ्या होत्या. मग मी मान खाली घातली."

सगळ्यांनी ऐकलं होतं. एकूण एक जणांनी. अंगावर येताना ऐकलं आणि हातातला पत्रा घट्ट धरून उभे राहिले.

आत्याने सांगितलं. शीळ, डॉक्टरीणबाई, मेलेला धागा, चहा. थोडक्यात सांगितलं. रडली नाही.

"कधीपासून?" मुकादमाने विचारलं.

"हंगाम लागल्यापासून."

"तू 'वाकली' म्हणालीस. ती गेल्यावर."

"मला तेव्हाच आली रे."

तो उठला. तिच्या गळ्यातली शिट्टी काढून घ्यावी म्हणून त्याने हात पुढे केला, आणि मध्येच थांबवला. ती कोणाला द्यायची हे त्याला सुचलं नाही. "ट्रकमध्ये बस," तो म्हणाला. "काच लावून घे. गारठा आहे."

भगदाड तसं सोडता येत नव्हतं. ट्रकमध्ये दुसरा पत्रा होता. आत्या केबिनमध्ये बसून बघत राहिली. सहा जणांनी पत्रा उचलला. दोन पावलं गेले, थांबले. माना वळल्या. पत्रा खाली ठेवला. एक गाडी पलीकडून गेली. पुन्हा उचलला. पुन्हा थांबले. एक जण हात वर करून ऐकत होता, दुसरा मान हलवत होता. अर्ध्या तासात दोन बोल्ट बसले.

मग सगळे एकदम ताठ झाले. सहा तोंडं एका दिशेला वळली. क्षणभर त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. घणवाल्याने घण टाकला आणि कठड्यावरून पलीकडे गेला. त्याच्यामागून वेल्डर. मग बाकीचे.

आत्याने काच खाली केली. तिला तिची शीळ ऐकू आली.

तिने तीस मोजले. धुक्यातून काही आलं नाही. आणखी तीस. रस्ता रिकामा होता. पलीकडे खांबांना धरलेले बारा हात होते आणि त्यांच्यावर सहा चेहरे, अजून तिकडेच ऐकणारे. कशाला ऐकतायत, हे तिला कळायला मार्ग नव्हता.

मग एकेक चेहरा ट्रककडे वळला. तिच्याकडे. "या" म्हणेल म्हणून ते वाट बघत होते.

आत्याचा हात काचेच्या कडेवर होता. ती काही बोलली नाही. ते आत आले नाहीत.